एअर सस्पेंशनची गळती: कंप्रेसर बदलण्याआधी एवढं तपासा

हवेच्या बलूनवर उभ्या राहणाऱ्या गाडीचा एक कोपरा सकाळी खाली बसलेला दिसला की गॅरेजमधून पहिला सल्ला ठरलेला असतो: कंप्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, गेलाय, नवा टाका. बऱ्याचदा तो खरंच गेलेला असतो. पण का गेला, हे बघायला कुणी थांबत नाही. कुठेतरी हवा गळत असते, ती भरून काढायला कंप्रेसर पळत राहतो, तापतो आणि शेवटी जळतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर त्याचीही तीच गत होते. म्हणून आधी गळती शोधा, मग पैसे काढा. या शोधाचा मोठा भाग घरच्या पार्किंगमध्ये, मोजपट्टी आणि साबणाच्या पाण्यावर होतो.

इथे 1998 ते 2005 या काळातली मर्सिडीज एस-क्लास, म्हणजे डब्ल्यू 220, डोळ्यासमोर ठेवली आहे. तिच्या एअरमॅटिक सस्पेंशनमध्ये चार कोपऱ्यांवर हवेचे चार बलून असतात. पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे, बंपरमागे कंप्रेसर असतो. तिथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रत्येक बलूनची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, आणि पुढे बारीक नळ्यांतून प्रत्येक बलूनपर्यंत जाते. जोडीला हवेची एक साठवण टाकी आणि उंची मोजणारे लेव्हल सेन्सर. इतर कंपन्यांच्या गाड्यांत जागा बदलतात, शोधायची रीत बहुतांशी हीच. एक खात्री मात्र आधी करा: याच एस-क्लासच्या काही मॉडेल्समध्ये एबीसी नावाचं तेलावर चालणारं सस्पेंशन आहे. ते असेल तर पुढचं काही लागू पडत नाही.

हात घालण्याआधी

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बलून फुटला किंवा नळी निसटली तर गाडी क्षणात खाली येते. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. आत हात घालायचा तर गाडी भक्कम स्टँडवरच हवी. टायरमध्ये साधारण अडीच बार दाब असतो, इथे तो त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे नळी सोडवताना चष्मा घाला आणि नट अगदी सावकाश सैल करा.

रात्रभराचं माप

गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या उंचीला उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, काढून ठेवला तर उत्तम. त्याची जागा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्यात सापडते. सकाळी पुन्हा मोजा, पण दार उघडण्याआधी. दार उघडलं की कंट्रोल युनिट जागं होऊन उंची सारखी करायला लागतं आणि रात्रभराचा पुरावा पुसला जातो.

आता आकडे वाचायचे. चारही कोपरे काही मिलिमीटर सारखेच उतरले असतील तर बहुधा घाबरण्यासारखं काही नाही. रात्रीच्या गारव्याने हवा आकसते. एकच कोपरा बसला असेल तर संशय त्या बलूनवर, त्याच्या नळीवर किंवा ब्लॉकमधल्या त्याच्या व्हॉल्व्हवर. दोन किंवा जास्त कोपरे एकदम खाली आले तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघा. गाडी उंच राहते, पण रोज सकाळी कंप्रेसर जास्त वेळ चालतो, असं असेल तर टाकी आणि तिची नळी तपासा. आणि एखादा कोपरा कायमच खाली, पण रात्रीतून आणखी उतरत नाही? मग ही गळती नसावी. लेव्हल सेन्सरची छोटी दांडी तुटलेली किंवा वाकलेली असू शकते. ती दांडी न पाहता बलून बदलणं म्हणजे मोठा खर्च वाया.

साबणाचं पाणी

भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा. सुरुवात सोप्या जागेपासून करा: बॉनेट उघडल्यावर पुढच्या स्ट्रटच्या (बलून आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) माथ्यावर नळी जिथे शिरते ती पितळी जोडणी. तिथे साबण मारून निवांत पाहा. मोठी गळती फुसफुसते, लगेच कळते. बारीक गळतीला आधी काहीच दिसत नाही, मग काही मिनिटांत जोडणीच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे जमून पांढरा फेस साचतो. लोक घाईत पुढे सरकतात आणि नेमकी हीच गळती निसटते.

नंतर बलून. रबर जिथे दुमडतं तिथे ते सर्वात आधी चिरतं, आणि ती घडी बऱ्याचदा धुळीपासून वाचवणाऱ्या रबरी आवरणाखाली, म्हणजे बुटाखाली, लपलेली असते. बूट सरकवून आत फवारा मारा. गाडी वर करायचं बटण दाबून दुसऱ्या उंचीला पुन्हा तपासा. उंची बदलली की घडीची जागा सरकते, त्यामुळे नेहमीच्या उंचीला झाकलेली चीर वरच्या उंचीला उघडी पडते.

बाहेर कुठेच फेस नाही, तरी गाडी बसते? मग व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतली गळती पाहा. रिले काढलेला असताना कंप्रेसरकडून ब्लॉकमध्ये येणारी नळी सावकाश सोडवा, अडकलेली हवा जाऊ द्या आणि ब्लॉकच्या त्या उघड्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतच राहिले तर आतला एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही.

दुरुस्ती

नळीच्या टोकाला गळती असेल तर काम स्वस्तात होतं: टोक धारदार पात्याने काटकोनात कापा, जोडणी नवी घाला. बलूनच्या रबराला मात्र पंक्चरचं ठिगळ किंवा सीलंट लावू नका. एवढ्या दाबाखाली सतत दुमडणाऱ्या रबरावर ते टिकत नाही. डब्ल्यू 220 साठी बिलस्टाइनचे नवे किंवा आर्नोटसारख्या कंपनीचे पुनर्निर्मित स्ट्रट मिळतात. एकाच बाजूचा बदलला तरी चालतं, पण दुसराही तितकाच जुना आहे हे धरून चला. स्प्रिंग बसवून हवेला कायमचा रामराम करायचा सल्लाही मिळेल. गाडी उभी राहते, पण जिच्यासाठी ही गाडी घेतली ती चाल जाते. मला तो सौदा पटत नाही.

नवा स्ट्रट बसवल्यावर आधी त्यात हवा भरू द्या, मगच गाडीचं वजन त्यावर सोडा. रिकाम्या बलूनवर वजन आलं की रबर चुकीच्या जागी चिमटतं आणि नवा भाग पहिल्याच दिवशी फाटू शकतो.

यानंतर कंप्रेसरचा नंबर. गळती थांबल्यावरही तो गाडी उचलायला फार वेळ घेत असेल तर तो झिजला आहे, बदला. सोबत रिलेही नवाच घाला. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालू राहतो आणि बॅटरी उतरते. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरकडेही लक्ष द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत त्याला जास्त काम पडतं, आणि तो निकामी झाला की ओल थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोचते. सेन्सर किंवा त्याची दांडी हलवली असेल तर डायग्नोस्टिक मशीनवर उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, चारही कोपरे पुन्हा एकदा मोजा.