परदेशी पाहुण्यांना घेऊन कोकणात जेवायला जाताय? टीपच्या या चुका टाळा

दिवाळी झाली की मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात बाहेरदेशची माणसं बऱ्यापैकी दिसायला लागतात, कोणी गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरून तिथून वर सरकतं, कोणी आपल्याच अमेरिकेतल्या भाच्याबरोबर त्याच्या ऑफिसातले मित्र म्हणून येतं, आणि जेवण झालं की ठरलेला प्रश्न, टीप किती द्यायची? आपण "दे दहा टक्के" म्हणून मोकळे होतो. गडबड तिथूनच सुरू होते. इथे टक्के नंतर बघायचे, आधी बघायचं ताट कोणी वाढलं, घरच्या माणसाने की पगारी माणसाने.

घरगुती खानावळीत वाढणारी काकू म्हणजेच मालकीण, काका गल्ल्यावर, पोरगा सोलकढीचे ग्लास आणतोय. तिथे पाहुणा ताटाखाली शंभराची नोट ठेवून उठला की काकू पोराला मागे पळवणार, "ओ, तुमचे पैसे रवले!" आणि पाहुण्याला वाटतं कमी पडले म्हणून परत आणले, तो बिचारा अजून एक शंभर काढतो, मग पोरगा गोंधळतो, आणि रस्त्यात उभं राहून दोघांची नुसती खाणाखुणांची कसरत. हे टाळायचं असेल तर पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की इथे बिल पूर्ण द्यायचं, घासाघीस करायची नाही, आणि तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं आवडलं असेल तर ते तोंडाने सांगायचं, नाहीतर सरळ अजून एक वडा मागून घ्यायचा. तरीही हात शिवशिवत असेल तर बऱ्याच खानावळींत काउंटरवर कोकम आगळ, मालवणी मसाला, लोणचं विकायला असतं, ते घ्या, पैसे त्याच घरात जातात आणि कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

होमस्टेला तीन-चार दिवस राहिलात तर अजून एक रस्ता आहे, जो बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. त्या घरच्या आईला, म्हणजे मालकिणीला, टीप देऊ केली तर ती "कित्याक ओ, रवांदे" म्हणून हात मागे घेईल, पण निघताना तिच्यासमोर पोराच्या हातात खाऊला म्हणून एक नोट ठेवली तर ती फारतर "कशाला उगाच" म्हणेल आणि पोराला पाया पडायला लावेल. हे फक्त राहिलेल्या घरी, आईसमोर, एकदाच. किनाऱ्यावर किंवा रस्त्यावर भेटेल त्या पोराला पैसे वाटत सुटायचं नाही, त्यात कोणाचंच भलं नाही.

आता पगारी वेटर. हायवेवरची हॉटेलं, बीचवरची रेस्टॉरंट, मोठे रिसॉर्ट, इथे वाढणारी पोरं बरेचदा बाहेरगावची असतात, नेपाळची, कर्नाटकातली, यूपीची, आणि राहून-खाऊन पगार असला तरी वरचे पैसे त्यांना लागतातच. इथे न देणं ही चूक. माझा अंदाज सांगतो, साध्या ठिकाणी चार जणांच्या जेवणावर ५० रुपये बास, बऱ्यापैकी रेस्टॉरंटात ५ ते १० टक्के, रिसॉर्टला १० च्या वर जायची गरज नाही. अमेरिकन पाहुणा १८-२० टक्क्यांवर अडून बसतो कारण तिकडे टीप घेणाऱ्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय, बाकी पगार गिऱ्हाईकानेच द्यायचा अशी रीत, काही राज्यं जास्त देतात ती गोष्ट वेगळी. म्हणून कमी दिलं की त्याला अपराधी वाटतं, त्याला समजावून सांगा. जपानी पाहुण्याचं बरोब्बर उलटं, तिकडे टीप देतच नाहीत त्यामुळे तो आभार मानून चालता होतो आणि पोरगा मोकळी बशी उचलतो, अशा वेळी तुम्हीच ५० रुपये सरकवा ना, विषय मिटला.

पैसे पोचत नाहीत ही सगळ्यात कॉमन तक्रार, आणि ती स्कॅनरमुळे. टेबलावरचा क्यूआर मालकाचा असतो. बिल १८४० झालं आणि तुम्ही दिलदारपणे २००० मारले की वरचे १६० मालकाच्या खात्यात, पोराला पत्ताही नाही, आणि रात्री हिशोबाच्या वेळी मालक ते वेगळे काढून देईल का हे त्याच्या स्वभावावर. म्हणून बिल यूपीआयने, टीप रोख, आणि ती हातात. बडीशेपच्या बशीत ठेवायची असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी काउंटरवर डबा असतो आणि त्यातले पैसे भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटले जातात, तसं असेल तर डब्यातच टाका, ते जास्त बरं.

रोख म्हटलं की सुट्ट्यांचा घोळ. एटीएममधून बरेचदा पाचशेच्या नोटा येतात, परदेशी कार्ड छोट्या ठिकाणी चालेलच असं नाही, आणि मशीन असलं तरी रेंज गेलेली असते. यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वॉलेट परदेशी पर्यटकांसाठी २०२३ च्या जी-२० च्या वेळी सुरू झालं, आणि अमेरिका, इंग्लंड, यूएईसारख्या काही देशांतल्या आपल्या एनआरआय मंडळींना तिकडच्या मोबाईल नंबरवर इथल्या बँकेतलं एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांसाठीचं) खातं जोडून यूपीआय वापरता येतं, पण हे सगळं घरून निघतानाच करून ठेवायचं, देवबागला मासे समोर आल्यावर नाही. पाचशेची नोट पेट्रोल पंपावर मोडून घ्या आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा पाहुण्याच्या खिशात घाला.

आणि डॉलर, युरो टीप म्हणून द्यायचे नाहीत प्लीज! पाच डॉलरची नोट घेऊन तो पोरगा जाणार कुठे? तालुक्याच्या गावात मनी चेंजर सहज सापडत नाही, सापडला तरी एका नोटेसाठी कामावरून रजा कोण घेणार. नाण्यांचं तर विचारूच नका, मनी चेंजर नाणी घेतच नाहीत, ती शोकेसमध्येच जातात.

बिलाकडे नीट बघा. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी यांची सरमिसळ नेहमीची. जीएसटी हा सरकारी कर, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, आणि ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० च्या वर तिथल्या रेस्टॉरंटात १८, तो काढायला सांगता येत नाही. पाहुणा ते १८ बघून "सर्व्हिस यातच आली" म्हणतो आणि टीप देत नाही, पण त्यातला एक पैसा वेटरला जात नाही. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की तो आपोआप बिलात घालायचा नाही आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवलं. बिलात दिसला तर शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं, नाही ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. आणि देऊन टाकलाच असेल तर वर टीप द्यायची गरज नाही. छोट्या खानावळीच्या बिलावर जीएसटी नसेल तर लगेच संशय घेऊ नका, ठरावीक उलाढालीच्या आतल्यांना नोंदणी लागत नाही, आणि कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतल्यांना, गिऱ्हाईकाकडून तो वेगळा घेताच येत नाही.

एक चूक आपलीच मंडळी जास्त करतात. मेनूत पापलेट, सुरमईपुढे "बाजारभाव" लिहिलेलं असतं, किंमत न विचारता मोठा तुकडा मागवायचा, मग बिल बघून डोळे पांढरे, आणि राग निघतो वेटरच्या टीपवर. भाव दर्यावर नि लिलावावर ठरतो, पोराच्या हातात काय आहे? मासा तव्यावर जायच्या आधी दाखव म्हणा, तिथेच किंमत विचारा.

बाकी किरकोळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीला तिकीट असतं, हात धरून उतरवलं तर २०-३० रुपये दिले तरी खूप. ड्रायव्हरला दिवसाचे दोनेकशे, आणि तो जेवला का हे विचारणं त्याहून महत्त्वाचं. टीप उजव्या हाताने.

राहिली ती होमस्टेची भांडी घासणारी मावशी, तिला पाहुणा कधी बघतच नाही. तिला शेवटच्या दिवशी दोन-तीनशे रुपये वेगळे द्या, मालकिणीच्या कानावर घालून, आणि दुपारच्या आत, कारण सकाळची भांडी झाली की ती दुसऱ्या घरी निघून गेलेली असते.