लांडगीने डोक्याला हात लावू नये

माझ्या पहिल्या लांडगीचे डोळे जांभळे होते. लांडगी म्हणजे प्राण्यांच्या आरपीतलं (रोलप्लेतलं) माझं पात्र; ऑनलाइन गटात प्रत्येक जण एकेक प्राणी होतो आणि पोस्टमागून पोस्ट लिहून सगळे मिळून कथा पुढे नेतात. पाठीवर चंद्रकोरीची खूण, आईबाप वणव्यात गेलेले, वय दीड वर्ष आणि तरी अख्ख्या कळपाची राणी. एका पोस्टमध्ये तिचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकटीने मोठ्या शिंगांचा नर हरीण पाडला. समोरून खेळणाऱ्याने ओओसी, म्हणजे कथेबाहेर, लिहून एवढंच विचारलं, "कुठला पाय मोडला होता गं?" मला आठवेना. वर जाऊन वाचलं तर मी ते लिहिलंच नव्हतं.

हल्ली गटात नव्या सभासदांचे बायो, म्हणजे पात्राची लेखी ओळख, मीच तपासते. तेच ते सांगून दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी गटाला विचारा की इथे खरेपणा किती पाळतात. पूर्ण रिअ‍ॅलिस्टिक गटात प्राणी प्राण्यासारखा वागतो, संवाद नसतात. फँटसीत पंखसुद्धा चालतात. भांडणं होतात ती मधल्या सेमी-रिअ‍ॅलिस्टिकमध्ये, कारण त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. म्हणून सरळ प्रश्न विचारा: प्राणी एकमेकांशी बोलतात का? जखम भरायला कथेतले किती दिवस धरायचे? मरण कोण ठरवणार, खेळाडू की फासे? ही उत्तरं मिळाल्याशिवाय बायोला हात घालू नका.

मग तुमचा प्राणी वाचून काढा. लांडग्यांचंच सांगते, कारण दर दुसऱ्या बायोत 'अल्फाला आव्हान देऊन गादी मिळवणार' असतं. अल्फा म्हणजे लढून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा. ही कल्पना मुळात कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण मांडलं, डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती आणखी पसरली, आणि १९९९ मध्ये त्याच मीच यांनी रानातले लांडगे पाहून सांगितलं की कळप म्हणजे बहुधा एक जोडी आणि तिची पिल्लं. म्हणजे तुमचा नायक ज्याच्याकडून गादी हिसकावणार, तो त्याचा बाप. घरोघरी असतात तशी कुरबुर असेल, पण राज्याभिषेक नाही. त्यापेक्षा कितीतरी चांगला प्लॉट असा: साधारण एक ते तीन वर्षांच्या वयात तरुण लांडगे घर सोडतात, एकटे फिरतात, जोडीदार आणि मोकळी हद्द शोधतात. दुसऱ्यांच्या हद्दीच्या कडेकडेने, अंग चोरून, प्रत्येक मुताचा वास घेत. यात महिनाभर पुरेल एवढं लिहायला आहे.

पिल्लं खेळायची हौस सगळ्यांनाच असते. लांडग्याचं पिल्लू आंधळं आणि बहिरं जन्मतं, डोळे उघडायला सुमारे दोन आठवडे लागतात, गुहेच्या तोंडाशी ते तीनेक आठवड्यांनी येतं. 'तीन दिवसांच्या तिने आईकडे टक लावून पाहिलं' असं आलं की मी बायो परत पाठवते. अगदी पहिल्या दिवसापासून खेळायचंच असेल तर शिंगरू घ्या, ते तास-दोन तासांत लटपटत उभं राहतं. पण घोडा घेतलात की 'तो तोंडाने धापा टाकू लागला' हे वाक्य गेलं. घोडा नाकानेच श्वास घेतो. नाकपुड्या फुलवा, बरगड्या हलवा, तोंड मिटलेलं राहू द्या.

आता खरी गोष्ट. वाचलेली माहिती पोस्टमध्ये ओतली म्हणजे खरेपणा येत नाही. तो येतो वाक्य कुठल्या इंद्रियापासून सुरू होतं त्यावरून. नवखा लिहितो:

'संध्याकाळच्या लालभडक प्रकाशात तिने दूरवर उभा असलेला अनोळखी नर पाहिला आणि तिला भीती वाटली.'

लांडग्याला लाल-हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही. शिवाय अनोळखी नर त्याला दिसण्याआधी वासाने कळायला हवा. मी असं लिहीन:

'वारा फिरला. ओल्या पाचोळ्याच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता, नराचा, ताजा, आपल्यातला नव्हे. चालता चालता तिचा पुढचा पंजा अधांतरीच थांबला. कान आधी पुढे, मग मागे.'

भीती हा शब्द एकदाही आला नाही, तरी समोरच्याला उत्तर द्यायला चार गोष्टी मिळाल्या: वाऱ्याची दिशा, थांबणं, पंजा, कान. मनातले विचार लिहिलेत तर त्याला त्यांचं काहीच करता येत नाही, कारण त्याच्या पात्राला ते ठाऊक नसतात आणि वापरले तर मेटागेमिंग होतं. टवकारलेला कान मात्र त्याला दिसतो. म्हणून प्राण्यांच्या आरपीत शरीर लिहिणं ही दुसऱ्या खेळाडूला दिलेली वाटही असते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळीच गंमत. आपले वाक्प्रचार माणसाच्या अंगाने चालतात. 'लांडगी डोक्याला हात लावून बसली' असं मी खरंच वाचलंय. 'त्याने काढता पाय घेतला' चालेल, 'हात आखडता घेतला' नाही. उपमांचंही तसंच: सुरीसारखा वारा, घड्याळासारखं धडधडणारं काळीज. त्या जनावराने सुरी पाहिली कधी? वेळ सावलीने मोजा, नाहीतर भुकेने. आणि क्रियापदांत आपण श्रीमंत आहोत, ती वापरा: गुरगुरणं, फिस्कारणं, केकाटणं, फुरफुरणं, खिंकाळणं. 'आवाज काढला' हे आळसाचं लिहिणं.

जखमेची नोंद ठेवा. कुठला पाय, कुठली बाजू, कथेतला कितवा दिवस. मोडलेलं हाड जुळायला आठवडे लागतात. तोवर तुमचं पात्र शिकारीत मागे पडेल, दुसऱ्यांनी आणलेल्यावर जगेल. धडधाकट लांडग्यांच्याही बहुतेक शिकारी फसतात, हेही विसरू नका. फसलेली शिकार लिहायला जास्त मजा येते.

शैलीबद्दल थोडक्यात. चांदण्यांच्या खुणांत (*अशा*) कृती लिहिणारे, वन-लायनरवाले, पॅरावाले, मल्टी-पॅरावाले असे सगळे असतात, आणि एकाच्या ओळीला दुसऱ्याने पानभर उत्तर दिलं की दोघंही वैतागतात. समोरच्याच्या लांबीच्या आसपास राहा. लढाईत वेगवान, छोट्या पोस्ट बऱ्या. गुहेतल्या हिवाळ्याला सवडीने लिहा. भूतकाळ की वर्तमानकाळ हे ठरवा आणि मध्येच बदलू नका. आणि गॉडमॉडिंग, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच ठरवणं, एका ओळीत: 'तिचे सुळे त्याच्या मानेत रुतले' हे तुम्ही लिहायचं नाही. 'तिने त्याच्या मानेवर झेप घेतली' इथे थांबायचं. रुतले की हुकले, ते तो सांगेल.

ती जुनी लांडगी मी अजून खेळते. डोळे आता पिवळे आहेत, कळपात ती थोरल्या बहिणीसारखी आहे, आणि थंडीत लंगडते. पुढचा पाय, डावा. बायोच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवलंय.