507 म्हणजे नेमका कोणता थर?
पुण्याच्या रिंगरोडसारख्या कामाचं डिजिटल मॉडेल युनिक्लासशी, म्हणजे बांधकामातल्या घटकांना कोड देणाऱ्या ब्रिटिश वर्गीकरणाशी, जुळवताना कोडसमोर कोड मांडत बसू नका. युनिक्लासमध्ये प्रणाली ‘एसएस’ तक्त्यात, उत्पादनं ‘पीआर’ तक्त्यात. आपल्या मॉर्थचे (केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्तेकामाच्या मानकांतले) कलम क्रमांक मात्र कामाच्या बाबी सांगतात. म्हणून डांबरी थर ‘एसएस’शी जोडा, त्यातलं डांबर ‘पीआर’शी.

खरी गोची आवृत्तीची. मॉर्थच्या 2001 च्या आवृत्तीत 507 म्हणजे डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, खालचा डांबरी थर). 2013 मध्ये तोच क्रमांक बिटुमिनस काँक्रीटला, म्हणजे सगळ्यात वरच्या डांबरी थराला, गेला आणि डीबीएम आलं 505 वर. जुन्या कलम क्रमांकांचा तक्ता मॉडेलला चिकटवला की परिमाणपत्रकात थरच बदलतो, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही! आयएफसी 4.3 मध्ये (मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या खुल्या फाइल-स्वरूपात) वर्गीकरणाच्या नोंदीत आवृत्तीसाठी वेगळा रकाना आहे, तो बहुतेकदा कोराच राहतो. तिथे वर्ष भरा.