कम्युनिटी रेडिओवर स्वतंत्र बातम्या सुरू करायच्या आहेत? या चुका टाळा

स्वतंत्र, म्हणजे केंद्राबाहेरच्या निर्मात्याने तयार केलेल्या, बातम्यांचा कार्यक्रम सुरू करा म्हणून कम्युनिटी रेडिओकेंद्राकडे जाणारे लोक बहुतेक वेळा त्या कार्यक्रमाचे महत्त्व पटवून देत बसतात. ते केंद्रातल्यांना आधीच पटलेले असते. त्यांची अडचण वेगळी असते. रोज कार्यक्रमाची ध्वनिफाइल कोण आणणार, कोणाची वेळ काढून घ्यायची आणि उद्या तक्रार आली तर उत्तर कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे हातात नसतील तर चर्चा गोड बोलून संपते आणि पुढे काहीच होत नाही.

परवाना न पाहताच मागणी करणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भारतात कम्युनिटी रेडिओला स्वतः मिळवलेल्या किंवा बाहेरच्या निर्मात्याच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून देता येतात. त्यामुळे इथे केंद्रप्रमुखाला कितीही पटवले तरी त्याचे हात बांधलेले आहेत. मात्र हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आरोग्य आणि आपत्तीच्या सूचना यांना धोरण बातम्या मानत नाही. मागणी याच चौकटीत नेमकी मांडली तर मंजुरीची शक्यता असते. कार्यक्रमाच्या नावात ‘बातम्या’ हा शब्द घालण्याचा हट्ट मात्र सोडावा.

अमेरिकेत बातम्यांना बंदी नाही, पण अव्यापारी परवान्यावरच्या केंद्राला जाहिरात चालत नाही. प्रायोजकाचे नाव घेता येते. किंमत सांगणे, तुलना करणे किंवा ‘आजच खरेदी करा’ म्हणणे चालत नाही. म्हणून पॉडकास्टची फाइल जशीच्या तशी पाठवणे धोक्याचे, कारण तिच्यात जाहिराती पेरलेल्या असतात. शिवाय यातली बरीच केंद्रे करमुक्त धर्मादाय संस्था चालवतात, आणि अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या संहितेतली निःपक्षपातीपणाची अट कम्युनिटी केंद्रांनाही लागू आहे. एकाच बाजूचे भाष्य भरलेला कार्यक्रम तिथे नेण्याआधी चार भाग नीट ऐका आणि दुसरी बाजू कुठे येते ते मिनिटांसह टिपून ठेवा.

नियम अडवतात तसे कधी कामालाही येतात. अमेरिकेतल्या पूर्ण शक्तीच्या अव्यापारी केंद्रांना दर तिमाहीला समाजाचे प्रश्न आणि त्यांवर दिलेले कार्यक्रम यांची यादी सार्वजनिक नोंदीत ठेवावी लागते. मुदत जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १० तारीख. या यादीचा कंटाळा न येणारा केंद्रप्रमुख विरळाच. प्रत्येक भागाचा विषय, तारीख, वेळ, कालावधी आणि दोन ओळींचे वर्णन तयार करून देण्याची जबाबदारी प्रस्तावातच घ्या; कार्यक्रमाचे महत्त्व सांगणाऱ्या भाषणापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करते.

चुकीच्या दारावर थाप मारणे

स्टुडिओत भेटलेला निवेदक ‘छान कल्पना आहे’ म्हणाला म्हणजे होकार मिळाला असे नाही. बहुतेक केंद्रांत निर्णय कार्यक्रमप्रमुख किंवा कार्यक्रम समिती घेते. समितीचा अर्ज असतो, बैठकीची तारीख असते, आणि अनेक केंद्रे वेळापत्रक वर्षातून एक-दोनदाच बदलतात. तो बदल कधी आहे हे विचारून त्याच्या दोन महिने आधी अर्ज द्या. समितीला वळसा घालून थेट संचालक मंडळाकडे जाणे तर आणखी वाईट: मंडळ प्रकरण समितीकडेच परत पाठवते आणि समिती तोवर दुखावलेली असते.

दुसऱ्याची वेळ मागणे

‘सकाळी आठची गाणी काढा आणि बातम्या लावा’ असे म्हटले की ती गाणी लावणारा स्वयंसेवक तुमचा कायमचा विरोधक होतो. तो तिथे पंधरा वर्षे असू शकतो. तुम्ही नवे आहात. आधी दोन आठवडे केंद्र ऐका, सगळ्या वेळा. पुनःप्रसारण कधी असते, यंत्रावर सोडलेले संगीत कधी वाजते, ते कागदावर मांडा आणि त्यातल्या तीन जागा पसंतीच्या क्रमाने सुचवा. एकच जागा सुचवली की उत्तर हो किंवा नाही एवढेच उरते.

किती मागायचे, इथेही घाई होते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिका रेडिओवर सुरू झालेला स्वतंत्र बातम्यांचा ‘डेमोक्रसी नाऊ!’ हा कार्यक्रम अनेकांच्या डोक्यात आधी येतो. पण तो सोमवार ते शुक्रवार रोज एक तास असतो, म्हणजे आठवड्याला पाच तास. बातम्या कधीच न दिलेल्या केंद्राला एवढा घास गिळणे कठीण. आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि १३ आठवड्यांची चाचणी, एवढेच मागा. त्याहून सोपा रस्ता छोट्या बातमीपत्राचा. ऑस्ट्रेलियात कम्युनिटी केंद्रांसाठी ‘नॅशनल रेडिओ न्यूज’ ही सेवा तासातासाला काही मिनिटांची बातमीपत्रे देते. अशा बातमीपत्रासाठी कोणाचा कार्यक्रम काढावा लागत नाही.

लिंक पाठवून मोकळे होणे

बरेच प्रस्ताव इथेच मरतात. कार्यक्रम चांगला आहे, पण फाइल प्रसारणायोग्य नाही, आणि ती दुरुस्त करायला केंद्रात माणूस नाही.

कालावधी आधी पाहा. एका तासाच्या जागेत ६० मिनिटांची फाइल बसत नाही. केंद्राची ओळख आणि सूचना यांना जागा लागते, म्हणून ५९ मिनिटांच्या आसपास आणि अर्ध्या तासाला २९ च्या आत अशी मापे चालतात. नेमके माप केंद्राकडूनच घ्या. ४७ मिनिटांची फाइल दिली तर उरलेली १३ मिनिटे एक तर शांतता, नाही तर ऐनवेळी शोधलेले गाणे.

मग आवाजाची पातळी. पॉडकास्ट साधारण उणे १६ एलयूएफएसला (आवाजाचा मोठेपणा मोजायचे एकक; आकडा शून्याच्या जवळ तितका आवाज मोठा) ठेवतात. युरोपातले प्रसारण मानक उणे २३ आहे आणि अमेरिकी सार्वजनिक रेडिओचे उणे २४. दुरुस्त न करता लावले तर आधीच्या कार्यक्रमानंतर श्रोता दचकतो. केंद्राचा प्रोसेसर, म्हणजे आवाज एका पातळीवर आणणारे यंत्र, ते दाबतो खरा, पण मग बोलणे चेपल्यासारखे येते. पातळी मोजणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात, तेव्हा सबब नको.

फाइलच्या नावाचा घोळ सगळ्यात फसवा. ऑटोमेशन, म्हणजे कार्यक्रम आपोआप वाजवणारे सॉफ्टवेअर, दर वेळी ठरावीक नावाची फाइल उचलते. निर्मात्याने नवा भाग उशिरा चढवला किंवा डाउनलोड अर्धवट तुटले, तर जुनी फाइल तशीच राहते आणि कालच्या बातम्या आजच्या म्हणून जातात. यावर तीन उपाय एकत्र लागतात. प्रसारणाच्या निदान अर्धा तास आधी डाउनलोड लावा. फाइलची तारीख आणि आकार तपासून माणसाला इशारा जाईल अशी सोय करा. आणि तारखेला न बांधलेला एक राखीव भाग त्याच मापाचा कायम तयार ठेवा. थेट प्रक्षेपण घेणार असाल तर घड्याळबदलाचे आठवडे लिहून ठेवा: अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दिवसांत या दोन ठिकाणांमधले प्रक्षेपण तासाने सरकते.

हक्कांचे पत्र विसरू नका. ‘मोफत उपलब्ध’ म्हणजे कापून लावायला मोकळीक असे नव्हे. प्रसारण, इंटरनेटवरचे थेट ऐकणे आणि नंतर साठवून ठेवणे या तिन्हींची लेखी परवानगी निर्मात्याकडून घेऊन अर्जाला जोडा.

सह्यांची मोहीम आणि एकसारखे ईमेल

एकाच मजकुराचे दोनशे ईमेल आले की केंद्राला पाठिंबा दिसत नाही, वेढा दिसतो. त्याऐवजी केंद्राच्या वर्गणीदारांपैकी दहा जणांनी आपापल्या शब्दांत, कार्यक्रम कधी आणि का ऐकतील ते लिहिलेले पत्र पुरते. त्यातल्या चौघांनी निधीसंकलनाच्या आठवड्यात फोन घ्यायला बसण्याची तयारी दाखवली तर फारच उत्तम. ‘तुम्ही मुख्य प्रवाहाला विकले गेलात’ अशी भाषा तर अजिबात नको. समोरचा माणूस बहुधा विनामोबदला काम करतो.

होकारानंतर गायब होणे

पहिली तक्रार पहिल्या महिन्यातच येते. ती कोणाकडे जाईल, किती दिवसांत उत्तर जाईल, आणि निर्मात्याने चूक सुधारली तर ती दुरुस्ती पुढच्या भागाआधी कोण वाचेल, हे सुरू होण्यापूर्वी एका पानावर ठरवा. प्रत्येक भागाची प्रत जपून ठेवा, नाही तर तक्रारीतला आरोप खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही.

श्रोते किती, हे लहान केंद्राला मोजता येत नाही. तिथे रेटिंगचे आकडे मागून उपयोग नाही. त्या तासात आलेले फोन, निधीसंकलनात त्या वेळी मिळालेल्या देणग्या, इंटरनेटवर ऐकणाऱ्यांची संख्या, एवढे तीन आकडे दर आठवड्याला वहीत मांडा. ३० सेकंदांचा प्रोमोही दर आठवड्याला नवा द्या. महिनाभर तोच वाजला तर निवेदक तो वाजवणे सोडून देतात. दहाव्या आठवड्यात कार्यक्रमप्रमुखाला ही वही दाखवा. तेराव्यापर्यंत थांबलात तर पुढचे वेळापत्रक कदाचित आधीच छापून झालेले असेल.