निमंत्रणपत्रिकेवर फादर, रेव्हरंड की बिशप?

नावाआधी काय छापायचं, हे आधी पंथावरून ठरतं. कॅथलिक धर्मगुरू 'फादर'. प्रोटेस्टंट मंडळीचे 'पाळक' किंवा 'पास्टर'. अर्थ एकच, मेंढपाळ. बोलताना 'पाळकसाहेब' म्हणतात. पाळकांना 'फादर' छापणं ही पत्रिकांतली नेहमीची चूक. त्यामुळे मजकूर छापायला देण्याआधी चर्चच्या कार्यालयात एक फोन करावाच.

'रेव्हरंड' दोन्हीकडे चालतं. मूळ लॅटिन अर्थ 'आदरणीय', म्हणजे हे पद नव्हे, विशेषण. म्हणून पाकिटावर 'रेव्ह. फादर' आणि पूर्ण नाव, पण आतल्या पत्रात नुसतं 'प्रिय फादर'. मराठीत मात्र नुसत्या आडनावाला जोडलेलं 'रेव्हरंड टिळक' (कवी ना. वा. टिळक) इतकं रुळलंय की तिथे व्याकरण काढण्यात अर्थ नाही. नावामागे 'एस. जे.' असेल तर ते जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे सदस्य. ती अक्षरं गाळू नयेत.

बिशपांपाशी जास्त घोळ होतो. भारतात कॅथलिक बिशपांना 'मोस्ट रेव्हरंड' लिहितात, तर १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या प्रोटेस्टंट चर्चच्या बिशपांना 'राइट रेव्हरंड'. तिथे 'मोस्ट' मॉडरेटरसाठी, म्हणजे त्या चर्चच्या प्रमुखासाठी राखलेलं. वसईच्या कॅथलिक धर्मप्रांताचं पत्र नमुना म्हणून घेऊन नाशिकच्या सीएनआय बिशपांना लिहिलं, की चूक झालीच.

कार्डिनल (पोपनी नेमलेले वरिष्ठ कॅथलिक धर्माधिकारी) हा शब्द जुन्या रीतीनुसार नाव-आडनावाच्या मध्ये येतो: फिलिप नेरी कार्डिनल फेर्राव. ही छपाईची चूक समजून मुद्रितशोधक तो पुढे सरकवतात. प्रूफावर 'आहे तसेच ठेवा' असं लिहून द्यावं.

डीकनला, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाला, 'फादर' म्हणू नये. त्याची गुरुदीक्षा झालेली नसते.