जीईडीचा निबंध: स्वतःचं मत बाजूला ठेवायला कसं शिकवलं

न्यू जर्सीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना जीईडीच्या, म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी असलेल्या हायस्कूलच्या तोडीच्या अमेरिकन परीक्षेच्या, भाषेच्या पेपरसाठी शिकवते. बाकी पेपर त्यांना जमतो, घोडं अडतं निबंधापाशी. त्यात परस्परविरोधी बाजूंचे दोन उतारे देतात आणि विचारतात, कोणाचा युक्तिवाद पुराव्यांनी जास्त भक्कम आहे? वेळ ४५ मिनिटं.

आमची मंडळी मात्र आपलंच मत मांडत सुटायची. किमान वेतनावरचा उतारा आला की गोदामात काम करणाऱ्या एक बाई स्वतःच्या पगाराची सगळी कहाणी लिहायच्या. लिहायच्या फार सुंदर, पण प्रश्न तो नव्हताच.

मग मी उतारे छापून दिले, सोबत दोन रंगांची पेनं. आकडा, तज्ज्ञाचं म्हणणं, खरं उदाहरण दिसलं की हिरवी रेघ. ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ छापाचं वाक्य आलं की लाल. हिरवं कुठे जास्त आणि मुद्द्याला धरून आहे, ते बघून बाजू ठरवायची, मग ती आपल्याला पटो न पटो. त्या बाईंना हे मुळीच रुचलं नव्हतं. ‘मिस, हा माणूस चुकीचा आहे!’ असेल, पण त्याने आकडे दिलेत ना? मग पहिलं वाक्य तेच लिहा, आणि पुढे प्रत्येक परिच्छेदात एक हिरवी रेघ घ्या.

आता गाडी अडते ती टायपिंगवर. परीक्षा संगणकावर असते, म्हणून निम्मा तास सध्या कीबोर्डलाच देते.