शेरडाचं तोंड लागलेलं झाड

आटपाडीच्या आमच्या माळावर पहिल्या पावसाळ्यात मी रोपवाटिकेतली साठ रोपं लावली. दिवाळीपर्यंत चार राहिली, तीही बोरीच्या काट्यात सापडलेली म्हणून. चूक माझीच. मोकळ्या रानात, आळी करून, पाणी घालून मी शेरडांना ताटच वाढून ठेवलं होतं.

आता मी आधी लावत नाही, शोधतो. चैत्रात गवत संपून माळ उघडा पडला की फिरायचं. गुडघ्याएवढं, खराट्यासारखं दाट, शेंडे कुरतडलेलं कडुलिंबाचं नाहीतर बाभळीचं खुरटं दिसेल. वरच्या फांद्या काडीएवढ्या असतात, पण माती उकरून बुडाला हात लावा. बुंधा अंगठ्याएवढा, गाठीगाठींचा लागला, तर ते यंदाचं रोप नव्हे, कैक वर्षांचं झाड आहे. त्याची मुळं कधीच खाली गेलीत. चुलती म्हणते, "शेरडाचं तोंड विषारी, ते आता वाढायचं न्हाई." विष कसलं? दर उन्हाळ्यात शेंडाच खाल्ला तर वाढणार कुठून!

अशा खुरट्याला फेसाटी, म्हणजे काटेरी फांद्यांचं कुंपण, घाला. हिवराच्या किंवा बोरीच्या फांद्या तोडायच्या, बुडखे आत, काटे बाहेर, आणि वर दगड ठेवायचा, नाहीतर वाऱ्याने सगळं उडून जातं. उंची निदान छातीएवढी हवी, कारण शेळी दोन पायांवर उभी राहते. पहिल्या पावसात आतलं काहीही छाटू नका. कडेचे फुटवे शेरडांना जाऊ द्यायचे, त्यांच्या आडोशाने मधला शेंडा वर निघतो. पुढच्या वर्षी त्यातला सरळ एक ठेवून बाकीचे विरळ करा.

वाळलेली फेसाटी वाळवी खाते, म्हणून दिवाळीत एकदा आणि शिमग्याआधी एकदा बघून भर घालायची. त्याच फेरीत भोवतीचं गवत हातभर काढून टाका, वणवा आला तर फेसाटीच पेटते. खरा धोका फाल्गुन ते वैशाख. मेंढरांचे मोठे कळप तेव्हा बागायती पट्ट्यात गेलेले असतात, पण गावची शेरडं गावातच असतात.

नवीन लावायचंच असेल तर तरवड किंवा बोरीचं झुडूप धरा. तरवडाला शेरडं तोंड लावत नाहीत, बोरीचे काटे त्यांना आत शिरू देत नाहीत. झुडपाच्या ईशान्येला, घेराच्या आत, पहारीने भोक पाडायचं, म्हणजे दुपारचं ऊन अडतं. आषाढात ताज्या निंबोळ्यांचा गर धुऊन दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टाका. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेली निंबोळी उगवत नाही. बुलबुल, साळुंक्या हेच काम फुकट करतात: निंबोळी खायची, बोरीवर बसायचं, बी खाली टाकायचं. बाभळीचं बी मात्र शेरडांच्या वाड्यातून गोळा करा. शेंगा खाऊन रवंथ करताना ती बिया बाहेर टाकतात, आणि ते बी लवकर रुजतं.

शेंडा हात वर केल्यावरही लागेनासा झाला की फेसाटी काढायची. खालच्या फांद्या मात्र राहू द्या, नाहीतर म्हशी अंग घासून कोवळा बुंधा सोलतात. निघालेली वाळकी फेसाटी चुलतीच्या चुलीला जाते. त्या बदल्यात तिची फांद्या ओढायची आकडी माझ्या लिंबांना लागत नाही. अजून तरी.